शववाहिनीतले शर्यतीचे प्लग

रॉकेटला रॉकेट हे नाव पडलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते आणि हातात शर्यतीची गाडी होती. डोंगरातले कच्चे रस्ते, वाळू, चिखल, त्याला काही म्हणजे काही वर्ज्य नव्हतं. वळणावर गाडी आडवी फेकायची आणि धुरळ्यातून सरळ काढायची, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मग एका शर्यतीत त्यानं गाडी तळ्यात घातली. पुरती, टपापर्यंत. क्रेननं गाडी बाहेर काढली, पण पैसे लावणाऱ्यांचा उत्साह काही बाहेर निघाला नाही. त्यानंतर बरीच वर्षं याची गाडी चालव, त्याचा टेम्पो हाक असं करत गेली आणि शेवटी, पोट सुटलं आणि टक्कल पडलं अशा वयात, सासूबाईंची शववाहिनी त्याच्या पदरात पडली.

सासूबाईंचा अंत्यविधीची व्यवस्था बघण्याचा धंदा होता. सासरेबुवांच्या माघारी त्यांनी तो एकहाती वाढवला. आवाज असा, की फोनवर नुसतं "बोला" म्हणाल्या तरी पलीकडच्याचं रडणं जागच्या जागी थांबायचं. खाली गाडी ठेवायची शेड, तिला लागून फुलांची खोली आणि वर सगळ्यांचं घर. फुलांच्या खोलीत रॉकेटची बायको दिवसभर तारेला फुलं गुंडाळत बसायची. त्यामुळे घरभर पेट्रोल आणि पांढऱ्या फुलांचा मिळून एक असा वास असायचा, की पाहुणे चहा अर्धाच पिऊन उठायचे.

गाडी काळी, लांबलचक, दोन्ही बाजूंना काचा, काचांना आतून पडदे. इंजिन जुनं, चार सिलिंडरचं, स्वभावानं गरीब. आणि चालवायचा नियम एकच. मागून चालत येणाऱ्यांत जो सगळ्यात म्हातारा असेल, त्याच्या चालीनं गाडी चालली पाहिजे.

"जावईबापू," सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आपल्या गिऱ्हाइकाला कुठे पोचायची घाई नसते."

रॉकेट पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर पाय ठेवून, गोगलगायीसारखा सरपटत राहायचा. पायाला मुंग्या यायच्या. मनाला तर केव्हाच्या आल्या होत्या. जुन्या दोस्तांपैकी कुणी भेटलंच, तर तो "प्रवासी वाहतुकीत आहे" एवढंच सांगायचा. खोटं म्हणता येणार नाही असं.

त्या वर्षी गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग झिजले. बाजारात जायचं, त्या इंजिनाला चालणारे साधे चार प्लग आणायचे, बसवायचे, हात धुवायचे. एवढंच काम. पण रॉकेटच्या कपाटात मोज्यांच्या खाली शर्यतीच्या प्लगचा एक कोरा संच होता. तळ्याच्या आधी आणलेला, तळ्यानंतर राहून गेलेला. अधूनमधून तो एखादा प्लग काढून उजेडात धरायचा, फुंकर मारायचा आणि परत ठेवून द्यायचा. बायकोला हे ठाऊक होतं. नवऱ्यानं दडवून ठेवण्यासारख्या इतर गोष्टींच्या मानानं प्लग बरे, म्हणून ती काही बोलत नव्हती.

रॉकेटनं ते प्लग घेतले. आटे तेच, लांबी तीच. बसायला काहीच अडचण नव्हती. बसवले, किल्ली फिरवली, इंजिन गुरगुरलं, आणि रॉकेटच्या छातीत काहीतरी हललं. शेडमध्ये उभ्या उभ्या त्यानं पेडल दोनदा जोरात दाबलं. वरून सासूबाई ओरडल्या, "कोण गेलं?"

"कुणी नाही, आई! तपासतोय!"

आता प्लगचं असं असतं, की माणसासारखी त्यालाही प्रकृती असते. कुणी गरम, कुणी गार. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो, ती उष्णता प्लगच्या टोकाला लागते. गार प्लग ती उष्णता पटकन लोखंडात सोडून देतो आणि स्वतः थंड राहतो. शर्यतीत इंजिन तापून लाल होत असतं, तिथे असाच हवा. पण जे इंजिन दिवसभर रांगत असतं, त्यात गार प्लग घातला तर त्याचं टोक कधी पुरतं तापतच नाही. मग त्यावर काजळी धरते, ठिणगी काजळीतून वाट चुकते आणि इंजिन ठेचकाळायला लागतं. रॉकेटला हे सगळं पाठ होतं. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर त्यानं त्याची चामडी सोलली असती.

पहिले काही फेरे बरे गेले. मग एक निवृत्त न्यायाधीश वारले.

मोठी अंत्ययात्रा होती. वकील, कारकून, जुने पोलीस, सगळे काळ्या कपड्यांत, खाली माना घालून. गाडी पुलाजवळ आली आणि इंजिन खोकलं. रॉकेटनं पेडलला जरा गोंजारलं. इंजिन पुन्हा खोकलं, थरथरलं, आणि मागच्या नळीतून असा काही बार निघाला की अर्धी अंत्ययात्रा खाली बसली. न्यायाधीशांनी उभ्या आयुष्यात ज्यांना आत टाकलं होतं त्यांच्यापैकी कुणीतरी शेवटचा नमस्कार करायला आला, असंच सगळ्यांना वाटलं. एक जाडे वकील तर गटाराच्या कठड्याआड आडवे झाले. ते आपले आपण उठेनात म्हणून दोघांनी मिळून त्यांना उठवलं.

धूर विरला तेव्हा गाडी बंद पडलेली होती, आणि ती पुलाच्या चढावर बंद पडलेली होती.

"धक्का मारावा लागेल," खिडकीतून डोकं बाहेर काढून रॉकेट म्हणाला.

वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोट सावरून, बाह्या वर करून ते गाडीला भिडले. न्यायाधीशांचे धाकटे भाऊ मागून सूचना देत होते. "ढकला, पण आरडाओरडा नको. हसतंय कोण? कोण हसतंय तिकडे?"

हसत होत्या न्यायाधीशांच्या पत्नी. तोंडाला रुमाल लावला होता, पण खांदे गदगदा हलत होते. "त्यांनी आयुष्यात कधी कुणाला एवढं कामाला लावलं नव्हतं हो," त्या शेजारणीला सांगत होत्या. "नुसत्या तारखा द्यायचे."

संध्याकाळी सासूबाईंनी रॉकेटला समोर उभं केलं.

"गाडीला काय झालं?"

"पेट्रोल भेसळीचं होतं, आई."

"इतकी वर्षं त्याच पंपावरून भरतोय."

"मग वायरी असतील. दमट हवा आहे."

सासूबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मेलेल्या माणसाच्या पेटीचं माप त्या नुसत्या नजरेनं घ्यायच्या. जिवंत माणूस त्या नजरेपुढे फार वेळ टिकत नसे. रॉकेट मान खाली घालून जिना उतरला.

फुलांच्या खोलीत बायको तार कापत होती. वर न पाहताच म्हणाली, "त्यात तुझे ते मोज्यांखालचे घातलेस ना?"

रॉकेट खाली सांडलेली फुलं गोळा करायला लागला.

"अरे, आईला शर्यत जिंकायची नाहीये."

"पण इंजिन किती मोकळं पळतंय, ठाऊक आहे का तुला? येताना रिकामी गाडी मी बाहेरच्या रस्त्यानं आणली. पन्नास, साठ, सत्तर. एकदाही अडखळली नाही. लोण्यासारखी."

"येताना," बायको म्हणाली. "जातानाचं काय?"

रॉकेटनं प्लग काढून पाहिले. चारही काळे ठिक्कर, कोरडे, जणू चुलीतून उचललेले. या रंगाचा अर्थ त्याला न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. पण माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की तो कुठूनही वाट काढतो. त्यानं तारेच्या ब्रशनं काजळी घासली, प्लग परत जागेवर बसवले आणि मनाशी ठरवलं की दोष प्लगचा नाही. दोष वेगाचा आहे. थोडं जोरात नेलं, की काजळी जळून जाईल, इंजिन खूश राहील आणि कुणाला काही कळणारही नाही.

पुढची अंत्ययात्रा नोंदणी कार्यालयातल्या एका कारकुनाची होती. सगळ्या हयातीत कुणी घाई करताना पाहिला नाही, असा हा माणूस. एका सहीसाठी लोकांना तासन्‌तास बाकावर बसवून ठेवायचा. त्याला निरोप द्यायला बरीच माणसं आली होती. काही प्रेमानं, काही खात्री करून घ्यायला.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रॉकेटनं दुसरा गिअर टाकला. मागची मंडळी भराभर चालायला लागली. इंजिन किंचित कुरकुरलं. रॉकेटनं पेडल आणखी थोडं दाबलं. मंडळींनी पावलं लांब टाकली. मग पुढे असलेला पुतण्या हळूच धावायला लागला, आणि एक धावला म्हणून सगळे धावले. हातातली फुलं सावरत, टोप्या धरत, चपला फटफटवत. कारकुनाच्या कचेरीतले साहेब, जे जिन्याच्या दोन पायऱ्या चढले की छातीला हात लावत, ते जीव खाऊन पळत होते. मागे पडायचं कसं? लोक काय म्हणतील? मयताची बहीण काठी टेकत येत होती. तिनं थोडा वेळ प्रयत्न केला, मग फुटपाथवर थांबून, काठी उगारून ओरडली, "अरे, कुठे पळवताय त्याला!"

आरशात रॉकेटला हे सगळं दिसत होतं. वाईटही वाटत होतं. पण इंजिन मात्र झकास चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर चौकातलं डावं वळण त्यानं जरा जास्तच आवडीनं घेतलं. मागे पेटी सरकली आणि बाजूच्या पट्टीवर ठक्‌ करून आदळली. तेव्हा कुठे तो भानावर आला. त्यानं पाय काढला. गाडी रांगायला लागली. इंजिन खोकलं, खोकलं, आणि स्मशानाच्या कमानीपासून हाकेच्या अंतरावर त्यानं मान टाकली. धापा टाकत आलेल्या मंडळींनी काही न बोलता गाडीला खांदे लावले. बोलण्याइतका श्वासच कुणाकडे उरला नव्हता.

सासूबाई जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभ्या होत्या. त्यांना टेलिफोनवरून सगळं कळलं होतं. फोन काठीवाल्या बहिणीनं केला होता.

"जावईबापू, माझ्याकडे लोक रडत येतात आणि रडत जातात. धापा टाकत आजवर कुणी गेलं नव्हतं."

"आई, ते इंजिन..."

"मला इंजिनातलं कळत नाही. पण ही गाडी तुमच्या सासऱ्यांनी वीस वर्षं चालवली आणि ती त्यांच्यासारखीच होती. हळू आणि बिनआवाजी. तुम्ही तिच्या पोटात काय घातलंय ते तुमचं तुम्हाला ठाऊक." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "या गाडीला साजेसे प्लग तुम्ही निवडा. नाहीतर गाडीला साजेसा चालक मी निवडते."

म्हणजे प्लगचं त्यांना कळलं होतं. रॉकेटनं फुलांच्या खोलीकडे पाहिलं. बायको फारच मन लावून तार गुंडाळत होती.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला. आपल्याला कुणी ओळखत नाही अशा लांबच्या वस्तीतलं, गाडीच्या सुट्या भागांचं दुकान त्यानं मुद्दाम शोधून काढलं. दारात टायरांची चळत, आत छतापर्यंत खोकी, गल्ल्यावर चष्मा कपाळाला चढवलेला एक माणूस वायपरच्या पट्ट्या मोजत बसलेला. माणसानं मान वर केली आणि रॉकेटच्या पायाखालची जमीन सरकली.

तो होका होता. होका म्हणजे होकायंत्र. शर्यतीत रॉकेटच्या शेजारच्या सीटवर बसून, मांडीवर नकाशा ठेवून, "उजवं, तीव्र! पुढे खड्डा! डावं, उघडं, दाब!" असं ओरडणारा. तळ्याच्या वेळीही तोच शेजारी होता. त्यानं "डावं" म्हटलं होतं की "उजवं", यावरून दोघांचं फिसकटलं होतं, आणि तेव्हापासून भेट नव्हती.

"रॉक्या!" होका उठलाच. "लेका, तू जिवंत आहेस?"

"आहे. तू इथे? मी तर ऐकलं होतं, तू मोटार कंपनीत तांत्रिक सल्लागार आहेस."

होकानं हातातल्या वायपरकडे पाहिलं. "देतो ना सल्ला. याला ही पट्टी बसेल, त्याला ती." मग घाईघाईनं म्हणाला, "बोल, काय हवं?"

"प्लग. चार. एका मित्राच्या गाडीसाठी."

"गाडी कुठली?"

रॉकेटनं इंजिन सांगितलं. होकानं मागे वळून फळीवर बोट फिरवलं. "कशी चालवतो? या दोन कंपन्यांचं उलटसुलट आहे बघ. हिचा आकडा वाढला की प्लग गार, तिचा वाढला की गरम. नीट सांग, नाहीतर भलतंच नेशील. वेग साधारण किती?"

"कमी."

"कमी म्हणजे?"

"माणूस चालेल इतका."

होकाचं बोट थांबलं. "तुझा मित्र गाडी चालवतो की फिरायला नेतो? बरं, ओझं किती? मागे माणसं किती बसतात?"

"एकच," रॉकेट म्हणाला. "आणि बसत नाही."

"उभा राहतो?"

रॉकेट दारातल्या टायरांकडे बघायला लागला. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवून गेलं. मग होकाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. ओठ थरथरले, आणि तो जो फुटला तो गल्ल्यावर डोकं टेकून हसत सुटला. वायपरच्या पट्ट्या खाली सांडल्या. "प्रवासी वाहतूक!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला कुणीतरी सांगितलं होतं, रॉक्या प्रवासी वाहतुकीत आहे!"

"जाताना प्रवासी असतात," रॉकेट रागानं म्हणाला. "येताना नसतात." आणि स्वतःच्याच बोलण्यानं त्यालाही हसू फुटलं. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. मोज्यांखालचे प्लग, जाडे वकील, पळणारे साहेब, काठी उगारणारी बहीण. होका मध्ये मध्ये "थांब, थांब, मरेन मी" म्हणत होता, आणि रॉकेट म्हणत होता, "मर की, गाडी आहे."

हसून झाल्यावर होकानं डोळे पुसले. "गरम प्लग लागेल तुला. नेहमीच्यापेक्षाही एक पायरी गरम. टोकाची चिनी माती लांब असलेला, ऊब धरून ठेवणारा. तुला माहीतच आहे."

"माहीतच आहे."

"मग इतके दिवस काय केलंस?"

रॉकेटनं एक प्लग हातात घेतला. साधा, निरुपद्रवी दिसणारा, दवाखान्यातल्या थर्मामीटरसारखा. "घालायला मन धजत नाही रे," तो म्हणाला. "हे घातले की संपलं. मग मी खरोखरच शववाहिनीवाला."

"आणि मी वायपरवाला," होका म्हणाला. "चल, बसवू या. दुकानाला कुलूप लावतो. आणि ऐक, तेव्हा मी डावंच म्हटलं होतं."

"उजवं म्हटलं होतंस."

वाटभर त्यांचं तेच चाललं होतं.

शेडमधलं इंजिन गारच होतं. होकानं पातळ पट्टी घालून एकेका प्लगची फट मोजली, एकाची जरा जास्त होती ती टोकाला अलगद ठोकून कमी केली. रॉकेटनं प्लग आधी हातानं फिरवून बसवले, मग पान्यानं एक बेताचा पिळा दिला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण ते पाहायला बॉनेटवर हात ठेवावा लागला. आवाजच नव्हता.

जिन्यावरून सासूबाई खाली आल्या. होकाला त्यांनी आपादमस्तक पाहिलं. माप घेतलं असावं.

"हे कोण?"

"माझे मित्र, आई. गाडीतले तज्ज्ञ आहेत."

"झालं का नीट?"

"झालं. एक फेरी मारून बघतो."

"मी पण येते," सासूबाई म्हणाल्या. "मागे. गिऱ्हाइकाला काय ऐकू येतं ते मला बघायचंय."

दोघांनी विनवण्या केल्या, पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. चपला काढून, साडी सावरून, त्या मागच्या फळीवर चढल्या आणि सरळ आडव्या झाल्या. बायको फुलांच्या खोलीतून बाहेर आली, आत पाहिलं आणि परत आत गेली. दार लावून घेतल्यावर आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

गाडी पहिल्या गिअरमध्ये बाजारातून निघाली. होका शेजारी बसला होता आणि त्याला राहवत नव्हतं. "उजवं, सौम्य," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पुढे म्हातारी. सांभाळ." रॉकेटनं डोळे वटारले. गाडी इतकी हळू चालली होती की एक कुत्रं चाकाशेजारून जात जात पुढे निघून गेलं, आणि इंजिन एकदाही अडखळलं नाही. चढावर नाही, चौकात थांबल्यावर नाही, पुन्हा निघताना नाही. पुलावर रॉकेटनं मुद्दाम क्लच अर्धा दाबून तिला रेंगाळवली. ती रेंगाळली, निमूटपणे, कुरकुर न करता. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, आणि ते उतरल्याचं त्यालाच जरा नवल वाटलं.

बेकरीवाला दुकानाबाहेर उभा होता. शववाहिनी पाहून त्यानं टोपी काढली आणि मान लववली. तेवढ्यात बाजूचा पडदा सरकला. काचेच्या आत सासूबाई कोपरावर उठल्या होत्या.

"अजून नाही," त्या काचेतून म्हणाल्या.

बेकरीवाल्याच्या हातातली टोपी पडली.

शेडमध्ये परतल्यावर रॉकेटनं मागचं दार उघडलं. सासूबाई पडूनच होत्या, डोळे छताकडे, हात पोटावर. चांगलं की वाईट, काहीच कळेना.

"आई? आवाज आला का काही?"

"नाही. गाडी बरी चालतेय." त्या उठल्या, पाठीमागे हात नेऊन फळी चाचपू लागल्या. "पण इथे एक बोल्ट वर आलाय. पाठीत टोचतो. नेमका मणक्यात." त्यांच्या आवाजात खरीखुरी चीड होती. "इतकी माणसं गेली याच्यावरून, आणि एकानंही तोंडातून शब्द काढला नाही."

रॉकेट आत वाकून बोल्ट शोधू लागला. होका पान्यांची पेटी घेऊन आला आणि विचारू लागला, "कितीचा लागेल?"